वैद्यकीय महाविद्यालय कोणाला जबाबदार?

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करणारी माणसे विषबाधेने एकामागून एक कोसळू लागली, तेव्हा या महाविद्यालयाला अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली होती. त्या एका हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत अल्पभूधारक शेतकरी होते, सालदार होते, आणि स्वतःची एक काकरही जमीन नसताना दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूर पुष्कळ होते. शासनाने मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली, विशेष तपास पथक नेमले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली, आणि पुढच्या हंगामात वृत्तपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळले.

ही घटना येथे आरोग्यव्यवस्थेच्या एका विशिष्ट प्रश्नासाठी आठवायची आहे. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती. काही शेतांत त्याहून उंच. फवाऱ्याची नळी वर धरावी लागे आणि तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर, मानेवर, छातीवर उतरत. गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला दाद देईनाशी झाली होती, म्हणून फवारण्यांची संख्या वाढली आणि दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जाऊ लागली. कशात काय मिसळावे याचा सल्ला देणारा माणूस म्हणजे कृषी केंद्राचा दुकानदार, ज्याची मिळकत सल्ल्यावर नसून विक्रीवर अवलंबून असते. हे सारे शेतात राबणाऱ्याला ठाऊक होते. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील विष शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराला कसे निकामी करते, ॲट्रोपीन केव्हा व किती द्यावे, हे जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात शिकवले जात होते. एकाच जिल्ह्यातील ही दोन ज्ञाने एकमेकांना भेटली ती अतिदक्षता कक्षात, आणि तीही पुष्कळांच्या बाबतीत उशिरा.

कायदा नव्हता असेही नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचे २६ वे कलम राज्य शासनाला असा अधिकार देते की, विषबाधेची प्रत्येक घटना कळविण्याचे बंधन त्याने संबंधितांवर घालावे. १९७१ चे नियम तर याही पुढे जातात. कीटकनाशके फवारण्याच्या कामावर असलेल्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट वर्गातील औषधांशी काम करणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज दर महिन्याला पाहावे, असे त्यांत लिहिलेले आहे. दर महिन्याला! आणि २०१७ साली काय दिसले, तर या तपासणीची सोय कापूस पट्ट्यातील रुग्णालयांत सहजी उपलब्ध नव्हती. नियम झाला त्या वर्षी जन्मलेला मजूर सेहेचाळीस वर्षांचा झाला, तरी त्याच्या रक्ताचा एक थेंबही या कामासाठी कोणी मागितला नाही.

वॉर्डात रात्रंदिवस राबणाऱ्या निवासी डॉक्टरांना यासाठी दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. प्रश्न व्यक्तींच्या कणवेचा नाही. महाविद्यालयाचा अधिष्ठाता मुंबईतील खात्याला उत्तर देतो, अभ्यासक्रमाबाबत दिल्लीला आणि परीक्षांबाबत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला. ज्या जिल्ह्यातील आजाऱ्यांच्या देहावर तेथील विद्यार्थी वैद्यक शिकतात, त्या जिल्ह्यातील एकाही ग्रामसभेला तो उत्तर देत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, कीटकनाशके कृषी खात्याकडे. मजूर मात्र एकच असतो.

महाविद्यालय आणि खेडे यांना जोडण्याची कल्पना या देशात नवी नाही. १९४६ च्या भोर समितीने सामाजिक जाणीव असलेल्या डॉक्टराची कल्पना मांडली होती. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले आणि आरोग्य खाते राजनारायण यांच्याकडे गेले. इंदिरा गांधींना न्यायालयात आणि मतपेटीत हरविणारा नेता एवढीच त्यांची आठवण पक्षातही उरली आहे. पण त्याच वर्षी २ ऑक्टोबरला गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांची योजना त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. दर हजार वस्तीमागे गावातलाच एक माणूस, मासिक मानधन पन्नास रुपये. वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजनाही त्याच काळातली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने आधी तीन विकास गटांची आणि पुढे संपूर्ण जिल्ह्याची आरोग्याची जबाबदारी घ्यावी, असा तिचा आशय होता. फिरत्या दवाखान्यांच्या परदेशी बनावटीच्या मोठ्या गाड्या महाविद्यालयांना मिळाल्या. खेड्यांच्या रस्त्यांना त्या मानवेनात, आणि अनेक ठिकाणी त्या महाविद्यालयांच्या आवारात उभ्याच राहिल्या. योजना चांगली होती. पण तिच्यात गावाच्या हाती काहीच नव्हते. गाडी आली नाही तर गावाने कोणाकडे जावे, हे तिच्यात कोठे सांगितलेले नव्हते.

याच्या उलट अनुभव फार दूरचा नाही. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम आहे. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी तेथे एक गाव दत्तक घेते. सुमारे पंधरा दिवस त्या गावातच मुक्काम असतो, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात, आणि त्यानंतर दरमहा त्याच कुटुंबांकडे जाणे चालू राहते. शहरातल्या मुलाला ज्वारीचे कणीस आणि बाजरीचे कणीस यांतला फरक कळतो, एवढाच याचा उपयोग असता तर त्याबद्दल येथे बोलण्याचे कारण नव्हते.

खरे महत्त्वाचे काम १९८० च्या दशकाच्या प्रारंभी झाले. संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीवर आधारलेली आरोग्य विम्याची योजना सुरू केली. सुगी झाली की प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन अधिक त्याची ज्वारी अधिक, भूमिहीनाची अगदी थोडी. लाभ मात्र सर्वांना सारखा. गावातील ७५ टक्के कुटुंबे सामील झाली तरच गावाला योजनेत प्रवेश. म्हणजे चार सधन घरांनी आपल्यापुरता डॉक्टर विकत घ्यावा, ही वाट बंद. गोळा झालेल्या ज्वारीतून गावातील आरोग्य कार्यकर्ता आणि त्याची औषधे यांचा खर्च भागे, आणि अकस्मात आलेल्या आजारात कस्तुरबा रुग्णालयाचे दार उघडे असे.

या योजनेकडे पाहताना कार्यकर्त्यांकडून दोन प्रकारच्या चुका होतात. काहींना ती विमा कंपनीच्या हप्त्याची धाकटी बहीण वाटते. गरिबाकडून पैसे घेणे म्हणजे शासनाने अंग काढून घेणे, असा त्यांचा आक्षेप असतो. काहींना उलट ती स्वावलंबनाचा चमत्कार वाटते आणि सरकारी अनुदानाशिवाय गाव आपले आरोग्य सांभाळू शकते याचा पुरावा म्हणून ते ती मिरवतात. वस्तुस्थिती दोघांनाही अनुकूल नाही. सेवाग्रामच्या संस्थेचा निम्मा खर्च केंद्र सरकारने, चौथा हिस्सा महाराष्ट्र शासनाने आणि चौथा हिस्सा कस्तुरबा हेल्थ सोसायटीने उचलावा, अशी तिची आर्थिक घडी राहिली आहे. ज्वारीने रुग्णालय कधीच चालले नाही. रुग्णालय जनतेच्या करातून चालले. ज्वारीने जे झाले ते वेगळेच होते. ज्याने धान्य मोजून दिले त्याला ग्रामसभेत उभे राहून विचारता येऊ लागले की, परिचारिका या महिन्यात का आली नाही, आमच्या माणसाला वॉर्डात ताटकळत का ठेवले. फुकट मिळणाऱ्या औषधाबद्दल असे विचारण्याची सोय नसते. उपकारकर्त्याचा हिशेब मागणे आपल्याकडे असभ्यपणाचे समजले जाते. वास्तविक कर भरणाऱ्या प्रत्येक मजुराला हा अधिकार आहेच, कारण काडेपेटीपासून कीटकनाशकापर्यंत जे जे तो विकत घेतो त्यावर तो कर भरतोच. पण तो कर डोळ्यांना दिसत नाही आणि पायलीभर ज्वारी दिसते.

सेवाग्रामचीही मर्यादा आहे. ते एका आश्रमाच्या छायेत वाढलेले काम आहे. खादी, प्रार्थना आणि एका थोर बाईंचा दरारा यांनी त्याला घडविले. शासकीय महाविद्यालयात यांपैकी काहीच नेता येणार नाही, आणि न्यावे असेही नाही. संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा होती, तीत गांधी विचाराची प्रश्नपत्रिका होती. देशभर ‘नीट’ आल्यावर तीही गेली. शिवाय विदर्भातील ज्वारीच कमी होत गेली. कपाशी आणि सोयाबीनने तिची जागा घेतली आणि शेतकरीच रेशनचे धान्य खाऊ लागला. तेव्हा ज्वारी गोळा करा असे आज यवतमाळात सांगणे हा थट्टेचा विषय होईल. जे न्यायचे ते ग्रामसभेतले विचारणे.

हे आज बोलण्याचे कारण असे की, सेवाग्रामच्या पद्धतीचे बाह्यरूप आता सरकारी नियम बनले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम लागू केला. प्रत्येक विद्यार्थ्याने काही ग्रामीण कुटुंबे घ्यायची, वेळोवेळी भेटी द्यायच्या, नोंदवहीत नोंदी करायच्या. म्हणजे यवतमाळच्या महाविद्यालयातील मुलेमुलीही गावांत जाणार. ही स्वागतार्ह गोष्ट आहे आणि समाजवाद्यांनी तिला नाके मुरडू नयेत. परंतु ‘दत्तक’ हा शब्दच कानाला खटकतो. सज्ञान नागरिकांचे कुटुंब अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने दत्तक घ्यायचे! नोंदवही तपासणार प्राध्यापक, गुण देणार प्राध्यापक, आणि ज्याच्या घरी विद्यार्थी जातो तो मात्र नोंदीचा विषय. रक्तदाब लिहिला जाईल, हिमोग्लोबिन लिहिले जाईल. मागच्या आठवड्यात कोणते औषध किती पंप फवारले, फवारताना अंगावर काय होते, रोज किती मिळाला, हे विचारण्याचा रकाना त्या वहीत असेलच याची खात्री कोण देणार? झरी जामणीच्या कोलाम पोडावर विद्यार्थी पोहोचतील की जीप जाईल तेवढ्याच गावांची निवड होईल, हे कोण ठरविणार?

गावाने ठरविले तर काय होऊ शकते याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानाच्या अंतर्गत राज्याच्या काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. शेजारचा अमरावती जिल्हा त्यांत होता. जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर आदिवासी बाया उभ्या राहून बोलल्या. दवाखान्याच्या भिंतीवर औषधसाठ्याचे फलक लागले. हे काम संघटनांनी केले आणि शासनाच्या नियमाच्या आधाराने केले. दोन्ही हात लागतात.

यवतमाळ जिल्ह्यात कार्यकर्त्यांपुढे म्हणून ठोस काम आहे. महाविद्यालयाने कोणती गावे निवडली याची यादी मागावी आणि निवडीचा ठराव त्या त्या ग्रामसभेत व्हावा असा आग्रह धरावा. विद्यार्थ्यांनी जमविलेली माहिती, व्यक्तींची नावे वगळून, वर्षातून एकदा ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावी; कोलाम वस्तीत कोलामी जाणणाऱ्याच्या मदतीने. फवारणी मजुरांची यादी आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने गावातच होऊ शकते. पण हे काम तिच्या तुटपुंज्या मानधनात फुकट ढकलले जाता कामा नये. आशांच्या संपांना पाठिंबा द्यायचा आणि आपले प्रत्येक काम त्यांच्याच गळ्यात घालायचे, ही विसंगती पक्षातही आहे. यादीतील मजुरांच्या रक्ताची तपासणी हंगामापूर्वी एकदा आणि हंगामात दरमहा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने करावी. १९७१ च्या नियमाचा आधार त्यास आहे. विषबाधेची प्रत्येक नोंद गावाला आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात कळावी. मोनोक्रोटोफॉसच्या प्रचलित द्रावणावर केंद्राने बंदी घातली ती २०२३ साली, यवतमाळच्या मृत्यूंनंतर सहा वर्षांनी. गावोगावच्या नोंदी महिन्याच्या महिन्याला पुढे आल्या असत्या तर बंदीच्या मागणीला एवढी वर्षे पुराव्यासाठी थांबावे लागले नसते.

खर्चाचा प्रश्न निघेल. तो शासनाने करायचा आहे, आणि त्यातला काही भाग विषारी औषधे विकणाऱ्या कंपन्यांकडून उपकर म्हणून वसूल करायचा आहे. कंपन्या मजुराला हातमोजे आणि तोंडाला फडके वाटून छायाचित्रे काढतात. विदर्भाच्या दमट ऑगस्टमध्ये, कमरेइतक्या चिखलट पिकात, ते फडके तोंडावर किती वेळ टिकते हे त्या छायाचित्रांत दिसत नाही.

१५ ऑगस्टला राज्यभर ग्रामसभा होतात. कपाशीच्या फवारणीचाही तोच काळ. ग्रामसभेची विषयपत्रिका आधी निघते आणि त्यात विषय घालण्याचा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा लागतो. ज्या गावांत महाविद्यालयाचे विद्यार्थी जातात, तेथून तरी या वर्षी असा अर्ज जुलैतच जावा. अर्जाखाली पहिल्या सह्या आणि अंगठे पंप पाठीवर घेणाऱ्यांचे असावेत, आणि त्याची एक प्रत अधिष्ठात्यांच्या कार्यालयात आवक-क्रमांकासह नोंदवून घ्यावी.