व्हॉल्व्हवरचं नाव आणि व्हॉल्व्हचा कारखाना



जुना रेडिओ किंवा जुना अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा गाता करायचा म्हटलं, की जुन्या साठ्यातले व्हॉल्व्ह शोधावे लागतात. ते मिळतातही. पण वर नाव एका कंपनीचं असतं आणि व्हॉल्व्ह बनलेला असतो भलत्याच कारखान्यात. ह्युलेट-पॅकार्डच्या नावाचे व्हॉल्व्ह मिळतात. ही कंपनी मोजमापाची उपकरणं बनवायची, व्हॉल्व्ह मात्र दुसऱ्यांकडून घ्यायची. हॅमंड ऑर्गनवाल्यांच्या नावाचेही मिळतात. यात लबाडी नव्हती. व्हॉल्व्हचे प्रकार शेकड्यांनी होते आणि ते सगळे एकाच कारखान्यात काढणं परवडत नसे. म्हणून कंपन्या एकमेकींकडून माल घेत आणि त्यावर आपलं नाव छापत. गिरणीच्या ताग्यावर दुकानदाराचा शिक्का बसावा, तसं. आज मात्र नावामुळे किमतीत मोठा फरक पडतो. म्हणून विकत घेणाऱ्याला खरा कारखाना ओळखता आला पाहिजे.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगतो. व्हॉल्व्ह हातात आला की तो पुसायला घेऊ नका. काचेवरची छपाई कच्ची असते, अंगठ्यानेसुद्धा निघून जाते. नावाबरोबर एखादा उपयोगी आकडाही जाईल. आधी फोटो काढा, मग बाकीचं.

आता खुणा पाहू. अमेरिकन व्हॉल्व्हवर सहा-सात आकड्यांची एक ओळ सापडते. तिचे पहिले तीन आकडे कारखानदाराचे असतात. १८८ म्हणजे जनरल इलेक्ट्रिक, २७४ म्हणजे आरसीए, ३१२ सिल्व्हेनिया, ३२२ टंग-सोल, २८० रेथिऑन. पुढचे आकडे बहुधा वर्ष आणि आठवडा सांगतात. वर नाव ऑर्गनच्या कंपनीचं आणि खाली सुरुवात ३१२ ने, तर माल सिल्व्हेनियाचा. ही ओळ पुसली गेली असेल, तर काच निरखा. आरसीएच्या छोट्या व्हॉल्व्हवर प्रकाराचा क्रमांक अष्टकोनात असतो. जनरल इलेक्ट्रिकच्या काचेवर बारीक ठिपक्यांची रचना दिसते.

युरोपात फिलिप्सचा गोतावळा सगळ्यांत मोठा. इंग्लंडमधली मलार्ड १९२७ पासून पूर्णपणे फिलिप्सच्या मालकीची होती. जर्मनीतली व्हाल्वो आणि अमेरिकेतली अँपेरेक्स याच घरातल्या. या घराचे व्हॉल्व्ह ओळखणं त्यातल्या त्यात सोपं, कारण त्यांची खूण काचेवरच उमटवलेली असते, पिनांच्या जवळ, फिकट करड्या रंगात. ती सहज दिसत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण थंड असताना काचेवर हलकेच वाफ सोडा आणि दिव्याचा उजेड तिरपा पडू द्या, अक्षरं उठून दिसतील.

या खुणेच्या दोन ओळी असतात. वरची ओळ प्रकार सांगते. एक्स एफ म्हणजे ईएल३४, आर एक्स म्हणजे ईएल८४. त्यापुढचा आकडा म्हणजे त्या प्रकारातली कितवी सुधारणा. खालच्या ओळीतलं पहिलं चिन्ह कारखान्याचं. बी म्हणजे लँकेशायरमधलं मलार्डचं ब्लॅकबर्न, डी म्हणजे व्हाल्वोचं हॅम्बुर्ग आणि छोटा त्रिकोण म्हणजे नेदरलँड्समधलं हेर्लेन. मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि शेवटी आठवडा. समजा, तुम्ही वाचलंत ‘बी २ डी ३’. याचा अर्थ ब्लॅकबर्न, दोनाने संपणारं वर्ष, एप्रिल, तिसरा आठवडा. आता हे वर्ष १९६२ की १९७२? ते ही ओळ सांगत नाही. त्यासाठी वरच्या ओळीतला सुधारणेचा आकडा आणि आतली घडण यांची मदत घ्यावी लागते.

टेलिफुंकेनची रीत आणखी वेगळी. त्यांच्या छोट्या व्हॉल्व्हच्या तळाला, पिनांच्या मधल्या काचेत, एक चौकटीच्या पानासारखी आकृती ओतलेली असते. नाव टेलिफुंकेनचं आणि तळ कोरा, तर तो व्हॉल्व्ह बहुधा दुसरीकडून घेतलेला. उलट वर दुसऱ्याच कंपनीचं नाव आणि तळाला ही चौकट, असाही माल बाजारात सापडतो.

कुठलीच खूण मिळाली नाही, तर आत पाहायचं. प्लेट गुळगुळीत आहे की तिच्यावर कंगोरे आहेत, किती लांब आहे, अभ्रकाच्या चकतीचा आकार कसा आहे. आणि गेटर पाहायचा. काचेच्या आत जो रुपेरी डाग दिसतो तो बेरियमचा, उरलीसुरली हवा शोषण्यासाठी उडवलेला. ते बेरियम ज्या तारेवर किंवा पत्र्यावर असतं, त्याचा आकार कधी चौकोनी, कधी इंग्रजी डी सारखा, कधी गोल कडीचा. फिलिप्सच्या घराण्यात चौकोनी आणि डी हे आकार आधीचे, गोल कडी नंतरची. दशकाचा निर्णय बरेचदा इथे होतो.

पण एकाच खुणेवर निकाल देऊ नका. गुळगुळीत प्लेट ही टेलिफुंकेनच्या ईसीसी८३ ची प्रसिद्ध ओळख, तरी त्यांच्याच आधीच्या ईसीसी८३ मध्ये कंगोरे होते. दुसरा घोटाळा घराण्यातल्या साम्याचा. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली, ती फिलिप्सच्या सहकार्याने. जपानच्या मात्सुशितानेही १९५२ मध्ये फिलिप्सशी भागीदारी केली होती. अशा कारखान्यांच्या मालाची आतली ठेवण फिलिप्सच्या वळणावर जाते. नुसत्या प्लेटा पाहून ‘हा हॉलंडचा’ म्हणाल, तर चुकाल. काचेवरची खूण आणि आतली घडण, दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तरच विश्वास ठेवा.

आणखी एक सावधगिरी. मलार्ड, टंग-सोल, जेनालेक्स या नावांचे हक्क आता नव्या मालकाकडे आहेत आणि त्या नावांनी नवे व्हॉल्व्ह रशियातल्या साराटोव्हमध्ये तयार झाले आहेत. नवा माल म्हणून तो घ्यायला हरकत नाही. पण कोणी तो जुना मूळ माल म्हणून पुढे केला, तर ओळखता आला पाहिजे. चकचकीत छपाई आणि नवा कोरा खोका यांवर भाळू नका.

पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळ, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दूरच्या विक्रेत्याकडून घेत असाल, तर तीन फोटो मागा. एक तळाचा, एक पिनांजवळच्या काचेचा, एक आतल्या प्लेटचा. नावाचा फोटो विक्रेता न मागताही पाठवतो.

आणि कारखाना पक्का कळला, तरी व्हॉल्व्ह चालेलच असं नाही. रुपेरी डाग पांढराफट्ट झाला असेल, तर आत हवा शिरली आहे, तो परत करा. बाकीच्यांचं मोजमाप व्हॉल्व्ह टेस्टरवर करून घ्या. संचात बसवायचा असेल तर आधी वीज तोडा. आतल्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट मागे राहिलेले असतात, म्हणून उघड्या संचात जाणकाराशिवाय हात घालू नका. टेस्टरवर ठणठणीत उतरलेला, अनोळखी नावाचा व्हॉल्व्ह हा मोठ्या नावाच्या थकलेल्या व्हॉल्व्हपेक्षा केव्हाही चांगला सौदा आहे. पैसे त्याला मोजा.