बसायला पैसे पडत नाहीत अशी जागा

एका दुपारची गोष्ट सांगतो आणि मग मुद्द्याकडे येतो.

वैशाखातले दिवस होते. नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डोळे दाखवायला आम्ही दिंडोरीहून नाशिकला गेलो होतो. डॉक्टरांची वेळ चारची होती आणि आम्ही पोहोचलो एकला. सोबत माझी मुलगी होती. ती म्हणाली, "आजोबांना मॉल दाखवू या, तिथं गारही असतं." गेलो. दारात नानांची पिशवी उघडली गेली. आत भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली. "बाबा, खायचं आत नेता येणार नाही," दारावरचा मुलगा म्हणाला. पिशवी तिथंच ठेवली.

आत चकचकीत फरशी, सरकते जिने, गार हवा. नाना दहा मिनिटं हिंडले आणि एका खांबाच्या कडेला, जिन्याच्या पायरीवर टेकले. लगेच दुसरा पहारेकरी आला. "बाबा, इथं बसायचं नाही." नानांनी विचारलं, "मग कुठं बसायचं?" त्यानं वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. तिथं टेबलं होती, पण काही विकत घेणाऱ्यांसाठी. नाना उठले आणि त्या पोरालाच म्हणाले, "तुला तरी बसू देतात का रे?" तो ओशाळून हसला. दिवसभर उभाच असायचा बिचारा.

बाहेर येऊन आम्ही एका लिंबाखाली भाकरी खाल्ली. नाना एवढंच म्हणाले, "बाजारात मला कधी कुणी उठवलं नाही."

या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. आठवडे बाजारात आपण कशाला जातो? भाजी घ्यायला जातो, हे खरं. पण त्याच वेळी सोयरिकीची बोलणी होतात, द्राक्षाच्या भावाची चर्चा होते, उसनवारी फिटते. कुणी काहीच न घेता नुसतं चक्कर मारून येतं, आणि "का आलास?" असं त्याला कुणी विचारत नाही. चैत्रात नाशिकहून सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले भाविक दिंडोरीवरून जातात. सावली दिसेल तिथं टेकतात. त्यांच्याकडे कुणी पावती मागत नाही. मॉलमध्ये मात्र माणूस गिऱ्हाईक म्हणून येतो. गिऱ्हाईक नसेल, तर त्याचं तिथं असणं मालकाच्या मर्जीवर असतं.

हे माझ्या मनाचं नाही. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स नावाचा मॉल सुरू झाला. बघ्यांची गर्दी लोटली, तेव्हा तिथं नियम झाला: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाही तर प्रवेशाचे पैसे भरा. त्या काळी मोबाइल किती जणांकडे होता, आठवून पाहा. टीका झाली, तो नियम गेला. पुढे त्या नावाचा मॉलही राहिला नाही. पण दारात माणसाची ऐपत मोजायची पद्धत त्या निमित्तानं उघड दिसली.

गिरणगावचं तसंच. सुमारे ६०० एकर गिरण्यांची जमीन. १९९१ च्या नियमानं तिचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. इमारतींखालची जमीन वगळून फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे वाटे धरायचे ठरले. लोकांच्या वाट्याला मग थोडंच उरलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियमच कायम ठेवला. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. माझी मुलगी म्हणते, "बाबा, मॉलमध्ये स्वच्छ स्वच्छतागृह असतं, आणि टवाळ पोरं मागे लागत नाहीत. बाजारात यातलं काय आहे?" तिचं खरं आहे. आणि आपल्या गावच्या जागा तरी सगळ्यांना कुठं खुल्या होत्या? कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. तो वर्षानुवर्षं नेटानं चालवणाऱ्यांत दादासाहेब आघाडीवर होते.

त्याआधी, १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळं नगरपालिकेनं १९२४ मध्येच सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा विरोधक कोर्टात गेले आणि म्हणाले, हे तळं सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे! दहा वर्षं कज्जा चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूनं लागला. म्हणजे माणसाला बाहेर ठेवायचं असेल तर 'खासगी' हा शब्द पुरतो, हे त्या लोकांना तेव्हाही ठाऊक होतं. आपल्या वाडवडिलांनी झगडून ज्या जागा सर्वांच्या केल्या, त्या आपण नकळत पुन्हा दाराआड नेऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

लहान गावात मॉल एकदम येत नाही. आधी व्यापारी संकुल येतं, मग वाहनतळ, आणि बाजार 'गैरसोयीचा' ठरून गावाबाहेर जातो. दिंडोरीत आता नगरपंचायत आहे, म्हणून २०१४ चा पथविक्रेता कायदा आपल्यालाही लागू आहे. ५० वर्षांहून अधिक काळ चालत आलेला असा बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्यात म्हटलं आहे. हे कलम किती गावांनी वाचलं असेल?

आपण वाचू या. गावाच्या विकास आराखड्यात मोकळी जागा कुठं दाखवली आहे, ती आज खरंच मोकळी आहे का, हे जाऊन बघू या. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह, प्यायचं पाणी, दिवे आणि झाडाखाली चार बाकं मागू या. माझ्या मुलीला बाजार नकोसा वाटला, तर तो वाचणार नाही.

नाना आता थकले आहेत. तरी बाजारच्या दिवशी काठी टेकत जातात, काही न घेता तासभर बसून येतात. ती जागा त्यांच्या नातवंडांनाही मिळावी, असं मला वाटतं.