काटकसरीच्या घराचे वीजबिल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी गोड बोलावे अशी रीत आहे. मी मात्र आज तुमच्यापुढे हिशेबाची वही उघडणार आहे. विषय आहे लाइटबिलाचा, आणि त्यातही त्यावरच्या एकाच ओळीचा. तिचे नाव ‘स्थिर आकार’. माझे माहेर लातूरचे, सासर नांदेडचे. दोन्हीकडच्या बायकांची बिले मी मागवून पाहिली. बहुतेकींची नजर खालच्या एकूण रकमेवर आणि शेवटच्या तारखेवर जाते. मधल्या ओळी कोणी वाचत नाही. त्या आज आपण वाचू.

बिलात मुख्यतः चार गोष्टी असतात. जळालेल्या युनिटांचा तो वीज आकार. ती वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा तो वहन आकार. वीज वापरा वा न वापरा, जोडणी आहे म्हणून दरमहा द्यायचा तो स्थिर आकार. आणि या साऱ्यांवर सरकारचे सोळा टक्के वीज शुल्क. इंधनाचा कमीजास्त आकार कधी असतो, कधी नसतो. तो तूर्त बाजूला ठेवू.

आता वही उघडते. २०२३-२४ साली महावितरणच्या घरगुती एक फेज जोडणीचा मूळ स्थिर आकार महिना ११६ रुपये होता. २०२४-२५ साली तो १२८ झाला. त्या वर्षी पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे आणि वहन आकार १ रुपया १७ पैसे, म्हणजे युनिटमागे ५ रुपये ८८ पैसे पडत.

एका मावशी एकट्या राहतात. दोन दिवे, एक पंखा, संध्याकाळी थोडा टीव्ही. महिन्याला पंचवीस युनिटे. त्यांच्या युनिटांचे झाले १४७ रुपये. स्थिर आकार १२८. बेरीज २७५. त्यावर शुल्क ४४. एकूण ३१९ रुपये. शेजारच्या भरल्या घरात शंभर युनिटे जळतात. त्यांचे ५८८, अधिक १२८, अधिक शुल्क, मिळून सुमारे ८३१ रुपये. आता भागाकार करा. शेजारणीला युनिट पडले सव्वाआठ रुपयांच्या थोडे वर. मावशींना पडले पावणेतेरा रुपयांना! जिने दिवा मालवून ठेवला, तिलाच वीज महाग. मावशी महिनाभर लेकीकडे जाऊन राहिल्या आणि मीटर हललाच नाही, तरी शुल्क धरून १४८ रुपये द्यायचेच.

यावर कोणी म्हणेल, हा आकार मुळातच काढून टाका. मी तसे म्हणणार नाही, कारण त्यामागे खर्च खरा आहे. आपल्या मंडळाच्या खोलीचे भाडे सभा भरली तरी द्यावे लागते, न भरली तरी द्यावे लागते. खांब, तारा, रोहित्र, मीटर, वादळात तार तुटली की खांबावर चढणारा लाइनमन, यांचा खर्च युनिट मोजून होत नाही. वीज केंद्रांचेही तसेच. आपल्या जवळचे परळीचे केंद्र आठवा. २०१५ च्या जुलैत पाण्यावाचून तेथील संच बंद करावे लागले. वीज निघेना, म्हणून काही व्याज थांबत नाही आणि पगारही थांबत नाहीत. २००३ च्या वीज कायद्यातही पुरवठादाराला असा आकार घेण्याची मुभा आहे.

प्रश्न आकार असावा की नसावा हा नाही. तो कोणाकडून किती घ्यावा हा आहे. पंचवीस युनिटांच्या खोलीला १२८ आणि दिवसभर कूलर, गीझर चालणाऱ्या एक फेजच्या घरालाही १२८, ही कसली समानता? मंडळाच्या वर्गणीतसुद्धा आपण परिस्थिती पाहून सवलत देतोच की!

दरपत्रकात अशी एक सवलत आहे, पण तिचा उंबरठा फार अरुंद आहे. दारिद्र्यरेषेखालील वर्गाच्या ग्राहकाला स्थिर आकार पुष्कळच कमी असतो. त्यासाठी मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर ३६० युनिटांपर्यंत हवा, म्हणजे सरासरी दिवसाला एक युनिट. हे एक युनिट म्हणजे किती, ते घरच्या भाषेत सांगते. नऊ वॅटचा दिवा शंभराहून अधिक तास चालतो, तेव्हा एक युनिट होते. पण पंच्याहत्तर वॅटचा जुना पंखा तेरा-सव्वातेरा तासांतच ते संपवतो. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात घरात म्हातारे माणूस किंवा बाळंतीण असली तर पंखा तेरा तासांवर बंद करता येईल का? आणि खरी मेख पुढेच आहे. एका वर्षात वापर ३६० च्या वर गेला की ते घर साध्या घरगुती वर्गात जाते, आणि पुढे वापर कितीही कमी केला तरी परत येता येत नाही. एका कडक उन्हाळ्याची शिक्षा जन्माची!

२०१७ साली सौभाग्य योजना निघाली आणि गरिबांच्या घरी फुकट जोडणी आली, हे फार चांगले झाले. पण मीटर फुकट बसला तरी महिन्याचे बिल काही फुकट येत नाही. थकले की पंधरा दिवसांची नोटीस, मग अंधार. तो अंधार पहिल्याने पोरांच्या अभ्यासावर पडतो.

आपल्या उदगीर-देगलूरकडच्या भगिनींचे सोयरे बीदर आणि निजामाबादकडे आहेत. कर्नाटकात २०२३ पासून आणि तेलंगणात २०२४ पासून, दोनशे युनिटांच्या आतल्या पात्र घरांचे बिल सरकार भरते. सर्वांनाच फुकट द्यावे असे मी म्हणत नाही. फुकटाचाही भार कोणीतरी वाहतोच. पण वीज कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे राज्य सरकार आगाऊ पैसे भरून ग्राहकांना सवलत देऊ शकते. तेव्हा मार्ग नाही असे कोणी सांगू नये.

मग आपण काय करावे? पहिले, आजच घरी जाऊन बिलावरचा मंजूर भार आणि ग्राहकवर्ग वाचा. दुसरे, सवलतीच्या वर्गात असलेल्या घरांनी दर महिन्याची युनिटे भिंतीवरच्या कालनिर्णयावर मांडावीत. मार्चअखेर बेरीज ३६० च्या आत हवी. पंखा बदलायचा झाला तर कमी विजेचा घ्यावा. तो निम्म्याहून कमी वीज घेतो. तिसरे, वर्ग चुकीचा लागला असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे.

चौथे सर्वांत मोठे. दर ठरवतो तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. दराचा प्रस्ताव आला की तो प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे कायद्याने बंधनकारक आहे. मराठवाड्याची जाहीर सुनावणी छत्रपती संभाजीनगरला होत आली आहे. तेथे कारखानदार बोलतात, कारण त्यांच्याजवळ वकील आहेत. दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या बाईच्या वतीने कोण बोलणार? पुढच्या वेळी आपल्या मंडळाने दोन मागण्या लिहून द्याव्यात. कमी वापराच्या सर्व घरांना स्थिर आकार कमी असावा. आणि वापर उतरला की सवलतीच्या वर्गात परत येण्याची वाट मोकळी असावी. सह्या घेण्याचे काम मी माझ्याकडे घेते. सोबत तुमच्या बिलांच्या प्रती मात्र हव्यात, कारण आकड्यांना उत्तर द्यावेच लागते.

काटकसर आपल्याला कोणी शिकवावी लागली नाही. त्या काटकसरीला दंड बसू नये, इतकेच मागणे आहे.