चार अक्षरांचा मथळा

वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेचं चौथं पुष्प. संध्याकाळी पाचला वळवाची सर येऊन गेल्यामुळे पटांगणातल्या खुर्च्या उचलून आतल्या सभागृहात आणल्या होत्या. शंभर माणसांच्या जागेत दीडशे बसले होते. पत्रिकेवर विषय छापला होता ‘नवा विषाणू आणि समाजमन’. वक्त्यांनी पहिल्याच वाक्यात तो बाजूला सारला. विषय संयोजकांनी ठरवला, आपण समाजमन वगैरे काही पाहिलेलं नाही, आपण रात्रपाळी पाहिली आहे, असं ते म्हणाले. वर्तमानपत्रात ३१ वर्षं उपसंपादक म्हणून काढलेला हा गृहस्थ एक शब्द परत घ्यायला आला होता.

“घबराट. चार अक्षरं. एका कॉलमात बसतं. काना एक, बाकी वेलांटी नाही, उकार नाही, जोडाक्षर नाही. उपसंपादकाला रात्री एक वाजता आणखी काय हवं असतं? नवा रोग आला की आम्ही ‘शहरात घबराट’ असं ठोकून देत असू. शहर तेव्हा काय करत होतं, हे पाहायला कोण जातंय!”

त्यांचं म्हणणं असं की, साथीच्या पहिल्या दिवसांत माणसं सैरावैरा होत नाहीत, हिशेब करतात. हिशेब कच्चा असतो, कधी साफ चुकतो, पण तो हिशेबच असतो. सैरभैर होतात ते वरच्या मजल्यावरचे, म्हणजे सत्तेवरचे. आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी हे कधीच सांगून ठेवलं आहे, असं म्हणत त्यांनी क्वारंटेली आणि ली क्लार्क ही दोन नावं घेतली आणि पुढे निघाले. विषाणू म्हणजे काय, तो पसरतो कसा, यावर पहिली २० मिनिटं बोलायचं ठरवून आलो होतो, असंही ते म्हणाले. “पण २०२० नंतर घरोघरी एक साथरोगतज्ज्ञ आहे. तो भाग झाला असं समजा.” हशा पिकला. मागच्या बाकावर वह्या उघडून बसलेल्या कॉलेजच्या मुलींनी वह्या मिटल्या.

मग पुणं, २००९.

त्या वर्षी मे महिन्यात हैदराबादला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला रुग्ण सापडला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं जागतिक साथ जाहीर केली. तोवर ही बातमी विमानतळावरची होती. परदेशातून येणाऱ्यांची, थर्मल स्कॅनरची. ३ ऑगस्टला पुण्यात शाळेत जाणारी १४ वर्षांची मुलगी दगावली. या विषाणूचा देशातला तो पहिला बळी. विमानाशी काडीचा संबंध नसलेल्या घरांतही ती बातमी त्या दिवशी शिरली आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयापुढे रांग लागली.

“ती रांग म्हणजे माझा पुरावा,” वक्ते म्हणाले. घशातले नमुने तपासणीला जायचे राष्ट्रीय विषाणू संस्थेत. टॅमिफ्लूची गोळी औषधाच्या दुकानात मिळत नव्हती, सरकारी यंत्रणेकडूनच मिळायची. मग पोराला ताप आलेला बाप कुठे जाणार? “रेशनच्या दुकानापुढे रांग लागली तर आपण तिला घबराट म्हणतो का? जिथं गोळी आहे तिथं माणूस उभा राहिला. यात वेडेपणा कुठला?”

“अहो, पण रांगेतच लागण होत असणार की!” मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“होत असेल. पण खिडक्या मोजक्या कुणी ठेवल्या होत्या? रांगेतल्यांनी?”

टाळ्या पडल्या. पुढे शाळा-कॉलेजं बंद झाली, मॉल आणि चित्रपटगृहं काही दिवस बंद राहिली, मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी दहीहंड्या आयोजकांनी रद्द केल्या, आणि २३ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा मांडवात तोंडाला मास्क लावलेली मंडळी दिसू लागली होती. एन-९५ हा शब्द तोवर फार कुणाला माहीत नव्हता. तो माहीत झाला तेव्हा त्याचा काळाबाजारही सुरू झालेला होता. “पण पुण्याला मास्कचं काय अप्रूप?” वक्ते खुलले होते. “दुचाकीवरच्या मुली त्याआधीपासूनच डोळे सोडून सगळं डोकं ओढणीत गुंडाळून हिंडत होत्या. विषाणूला पुण्यात चेहराच सापडेना!”

इथे त्यांनी पिशवीतून एक वही काढली, आणि व्याख्यानाला फाटा फुटला.

गोष्ट त्या ऑगस्टमधल्या एका रात्रीची. पहिल्या पानावर ‘शहरात घबराट’ असा मथळा सोडून वक्ते पहाटे अडीचला घरी पोचले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ही वही उघडी पडलेली. पत्नीचं अक्षर. सोसायटीतल्या बावीसही घरांची नावं, समोर तारखा. “शंभर पानी वही,” असं ते म्हणाले तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नींनी दुरुस्ती केली, “दोनशे पानी.” सभागृह हसलं. वक्त्यांनी चष्मा बदलला आणि वाचायला सुरुवात केली.

४ ऑगस्ट. ब विंगमधल्या आजींना ताप ९९, खोकला नाही. ५ ऑगस्ट. मास्क नाहीत, तीन दुकानं पालथी घातली, घडी केलेला रुमाल चालेल का ते डॉक्टरांना विचारणे. ७ ऑगस्ट. तळमजल्यावरच्यांचा मुलगा सिंगापूरहून आला, बरा आहे, तरी दूध दाराबाहेर ठेवायला सांगितलं. ८ ऑगस्ट. कापूर ५० ग्रॅम, वेलदोडे २५ ग्रॅम, पुरचुंड्या ११. ११ ऑगस्ट. थर्मामीटर वरच्या मजल्यावर दिला. १२ ऑगस्ट. थर्मामीटर परत आला नाही. १३ ऑगस्ट. थर्मामीटर मागून आणला, डेटॉलनं पुसला.

कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी आठवून बायकांच्या बाजूला एकच कुजबुज झाली. त्या दिवसांत ती कृती मोबाइलच्या एसएमएसवरून आणि ई-मेलवरून घरोघरी गेली होती. कुणी रुमालावर निलगिरीचे थेंब टाकत, कुणी तुळस-गुळवेलीचा काढा उकळत. कापरानं विषाणू मरत नाही हे वक्त्यांनी मान्य केलं. पण पुरचुंडी धरलेला हात सारखा नाकातोंडाशी जात नाही, असा उपयोगही लगेच शोधून काढला. दुसऱ्या रांगेतल्या डॉक्टरांनी मान हलवली, आणि ती होकारार्थी नव्हती. वक्त्यांनी तिकडे पाहणं टाळलं.

वहीची आणखी सहा पानं झाली. एका पानावर तर नुसता दवाखान्यांच्या वेळांचा तक्ता होता, तोही वाचला. अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली. ती वक्त्यांनी माईकवरच वाचली : “‘पंधरा मिनिटं.’ अहो, अजून इजिप्त व्हायचंय!”

इजिप्त झालं, पण धावत. एप्रिल २००९च्या अखेरीस मेक्सिकोतून बातम्या येत होत्या आणि इजिप्तमध्ये एकही रुग्ण नव्हता, तेव्हा तिथल्या सरकारनं देशातली सगळी डुकरं मारायचं फर्मान काढलं. सुमारे तीन लाख. रोग पसरत होता माणसाकडून माणसाला. डुकराचं फक्त नाव चिकटलं होतं. ही डुकरं पाळायचे कैरोचे कचरावेचक, बहुतेक सगळे कॉप्टिक ख्रिस्ती. शहराचा ओला कचरा डुकरं खात. डुकरं गेली आणि कैरोच्या रस्त्यांवर उकिरडे साठले. विषाणू जूनमध्ये यायचा तो आलाच.

अफगाणिस्तानात अख्ख्या देशाला माहीत असलेलं डुक्कर एकच, काबूलच्या प्राणिसंग्रहालयातलं, चीननं भेट दिलेलं. लोकांनी धास्ती घेऊ नये म्हणून त्याला वेगळं कोंडलं. “देशात डुक्कर एक, तेही विलगीकरणात! आणि घबराट म्हणे जनतेत.” या वाक्याला संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा मिळाला.

तो विरायच्या आत त्यांनी गोवा काढला. एचआयव्ही देशात १९८६ साली चेन्नईत आढळला. तीनच वर्षांनी, १४ फेब्रुवारी १९८९ला, म्हापशात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. गुन्हा काही नाही. तो नेमानं रक्तदान करायचा. रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडला. राज्याच्या आरोग्य कायद्यात बाधितांना अलग ठेवण्याची तरतूद करून ठेवलेली होती, तिचा आधार घेऊन त्याला क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत पहाऱ्यात ठेवलं. ६४ दिवस. आईनं उच्च न्यायालयात धाव घेतली. सुटल्यावर त्यानं बाधितांसाठी संस्था काढली आणि १९९२ साली तो गेला. “स्पर्शानं न पसरणाऱ्या रोगासाठी बंदूकधारी पहारा. हा मथळा कुठल्या पानावर द्यायचा?” वक्त्यांनी विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही.

युक्तिवाद इथे भक्कम वाटला, पण तो तेवढा भक्कम नव्हता. डिसोझांची नोकरीही गेली होती, आणि ती काही कायद्याच्या कलमानं गेली नव्हती. हे वक्त्यांनी सांगितलं नाही. २०२०च्या मार्चमध्ये ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणवलं गेलं, त्यावर केंद्राला राज्यांना पत्र लिहावं लागलं. तेही आलं नाही. हिणवणारे वरच्या मजल्यावर राहत नव्हते. ज्याचं एका शब्दाशी भांडण असतं त्याला त्या शब्दाच्या बाजूचा पुरावा दिसत नाही, आणि ३१ वर्षांच्या अपराधभावनेनं बोलणाऱ्याला तर नाहीच.

२०२० मात्र टळणार नव्हतं. वक्त्यांनी पालघर सांगितलं. १८ मार्चची गरीबरथ. परदेशातून आलेले चार प्रवासी मुंबईहून सुरतकडे निघालेले, डाव्या हातावर गृहविलगीकरणाचा शिक्का. तो सहप्रवाशांच्या आणि तिकीट तपासनिसाच्या नजरेला पडला आणि चौघांना पालघरला उतरवलं गेलं. “डब्यातल्या लोकांनी शिक्का वाचला, सांगायचं त्याला सांगितलं. शिक्का मारून दोन दिवस झाले नव्हते, आणि लोकांना त्याचा अर्थ कळलेला होता. ही घबराट?” मग त्यांनी फेब्रुवारीतली चिकनची अफवा घेतली. कोंबडीतून विषाणू येतो असं व्हॉट्सॲपवर फिरलं, सरकारनं नाही म्हणून सांगितलं, तेलंगणात मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवलं, तरी लोकांनी खाणं सोडलं. वक्त्यांच्या मते हाही हिशेबच : खात्री होईपर्यंत चार आठवडे कोंबडी नाही खाल्ली तर काय बिघडतं?

“आमचं बिघडलं ना!”

उजवीकडच्या भिंतीला टेकून उभे असलेले पन्नाशीचे गृहस्थ होते. तालुक्यात त्यांच्या कोंबड्यांच्या शेडी होत्या. त्या महिन्यात खाद्याचा खर्च निघेना म्हणून त्यांनी पक्षी फुकट वाटले, आणि फुकट घ्यायलाही लोक गाडीजवळ येईनात. “तुम्ही हिशेब म्हणता सर. त्या हिशेबात आम्ही कुठल्या बाजूला होतो?”

वक्त्यांनी लोकांनी खाणं सोडलं आणि सरकारनं समजावायला उशीर केला असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. सरकारनं लगेच सांगितलं होतं, असं गृहस्थ म्हणाले. तेवढ्यात मागून आणखी एक आवाज आला : रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच पोरांना गावाबाहेर अडवलं, ते काय होतं? वक्ते प्लेगकडे वळले. जुन्या माणसांना गाव सोडून माळावर झोपड्या टाकल्याचं ठाऊक आहे, ती आठवण या फांद्यांमागे होती, असं त्यांचं म्हणणं. “प्लेग जिवाणूचा, विषाणूचा नव्हे, मला माहीत आहे, चिठ्ठी पाठवू नका.” हसू आलं, पण थोडंसंच. त्यांचा आवाज चढला होता. “मी असं कुठे म्हटलं की हिशेब दयाळू असतो? मी एवढंच म्हणतो की लोक घाबरले नव्हते. ही वही बघा. ही घाबरलेल्या बाईची वही आहे?”

“हो,” पहिल्या रांगेतून उत्तर आलं.

त्यांच्या पत्नी बसूनच बोलल्या, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नाही आणि एकानं दुसऱ्याला विचारत ते वाक्य मागे पोचलं. “घाबरलेच होते मी. तुम्ही रोज रात्री बाहेर. धाकटीला त्या आठवड्यात ताप होता, ते वहीत लिहिलेलं नाही. लिहायला हात धजला नाही. बाकीच्यांचं लिहीत बसले.”

वक्त्यांनी वहीची पानं उलटून पाहिली, जणू ती नोंद कुठेतरी असेलच. मग पाणी प्यायले. अध्यक्षांनी टेबलावरची घंटा वाजवली; त्यांनाही काहीतरी करायला हवं होतं. राहिलेला भाग (१९१८च्या फ्लूच्या साथीतली मुंबई, जूनमध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून सुरू झालेला ताप, ऑक्टोबरमधला एका दिवसाचा ७६८ मृत्यूंचा आकडा) वक्त्यांनी दीड मिनिटात वाचून दाखवला, कुणाकडे न बघता.

एकच प्रश्न घेऊ, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. मघाशी वह्या मिटलेल्यांपैकी एक मुलगी उठली. ‘घबराट’ नको, तर ३ ऑगस्टनंतरच्या त्या रात्री सरांनी काय मथळा दिला असता?

बराच वेळ गेला. आभाराला उठलेले कार्यवाह उभेच राहिले.

“‘नायडूपुढे पहाटेपासून रांग, लोक तापाच्या नोंदी ठेवताहेत, आणि घाबरलेही आहेत,’” वक्ते म्हणाले.

पहिल्या रांगेच्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ होते, जुन्या छापखान्यात खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेले. त्यांनी बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजली, पुन्हा मोजली, आणि शेजाऱ्याला म्हणाले, “आठ कॉलमांतही बसायचं नाही.”