पाण्याची साक्ष

श्रोतेहो, सरकारी नोकरीत माणसाला चौकशीची सवय लागते. तक्रार आली की कागद मागवावेत, घटनांचा क्रम लावावा, साक्षी घ्याव्यात आणि मगच ठपका ठेवावा, हा आमचा नित्याचा धडा. कचेरीत जो धडा मी वर्षानुवर्षे गिरवला तो घरी एका काचेच्या पेटीसमोर कसा विसरलो, त्याची ही हकीगत आहे.

त्या वेळी मी म्हैसूरजवळ बेळगोळ येथे राहत होतो. कृष्णराजसागराचे धरण तेथून अगदी जवळ. म्हैसूर शहराला ज्या ठिकाणांहून कावेरीचे पाणी उचलून पुरविले जाते, त्यांत बेळगोळचेही नाव आहे. अशा पाण्याच्या गावी राहून मासे पाळण्याची हौस मुलीला झाली, यात नवल नव्हते. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद-उंच अशी काचेची टाकी आली. तीत सुमारे ५५ लिटर पाणी आणि चार सोनमासे. त्यांतला एक भंडाऱ्यासारखा पिवळाधमक होता. त्याचे नाव तिने मल्हारी ठेवले.

एका रविवारी मी ती टाकी मनापासून स्वच्छ केली. सगळे पाणी ओतून दिले, खडी चोळून धुतली, गाळणीतला स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. नवे पाणी मात्र आदल्या दिवशीच बादल्यांत भरून ठेवलेले होते. टाकी लखलखली. मंगळवारी मासे अस्वस्थ दिसू लागले. पर अंगाशी मिटलेले, तोंडे पाण्याच्या पृष्ठभागाशी उघडझाप करणारी. बुधवारी सकाळी एक मेला.

मी भिंग घेऊन बसलो. मल्हारीच्या कल्ल्यांच्या झाकणांवर मला बारीक पांढरे ठिपके दिसले. पुस्तकात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वाचलेला होताच. निदान झाले! निळे औषध आणून मी टाकीत ओतले. गुरुवारी मल्हारी तळाशी आडवा पडलेला होता.

शेजारी मत्स्यखात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ राहत. मुलगी त्यांना बोलावून घेऊन आली. त्यांनी माशांकडे फारसे पाहिलेच नाही. खुर्चीवर बसत एवढेच म्हणाले, “मोदलु नीरु नोडि.” म्हणजे, आधी पाणी पाहा. मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. सगळे मासे एकदम बिघडले की एकामागून एक? दिवसाच्या कोणत्या वेळी? आणि गेल्या आठ दिवसांत तुम्ही काय बदलले?

श्रोतेहो, या तीन प्रश्नांत बहुतेक निदान सामावलेले आहे. सगळे मासे एकाच वेळी कासावीस झाले तर दोष बहुधा पाण्यात असतो. एकापासून सुरू होऊन आजार दुसऱ्यातिसऱ्याला जडत गेला तर संसर्गाची शंका घ्यावी. पहाटे मासे वर येऊन तोंड वासत असतील तर प्राणवायू कमी पडला, कारण रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात; शिवाय पाणी जितके उष्ण तितका तो त्यात कमी विरघळतो. आणि पाणी बदलताच तासाभरात तडफड सुरू झाली तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन आठवावे. माणसाला जे पाणी निर्धोक करते तेच माशाचे कल्ले जाळते.

आमचे पाणी शिळे करून घेतलेले, आणि त्रास दोन दिवसांनी सुरू झालेला. म्हणून क्लोरीन सुटला. त्यांनी चाचणीचे थेंब आणवून नळीतल्या पाण्यात टाकले. पिवळे राहायला हवे होते ते पाणी गडद हिरवे झाले. अमोनिया!

मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. जुन्या टाकीत गाळणीवर आणि खडीवर सूक्ष्म जंतूंची वसाहत नांदत असते. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. ही वसाहत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ती मी स्वच्छतेच्या भरात एका सकाळी मोरीत वाहून दिली होती, आणि जे थोडे जंतू उरले असतील त्यांच्यावर निळ्या औषधाचा घाव घातला होता.

“पण ते ठिपके?” मी विचारले. ते हसले. विणीच्या हंगामात नर सोनमाशाच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांवर असे पांढरे दाणे उमटतात. ते आरोग्याचे लक्षण! खऱ्या रोगाचे ठिपके मिठाच्या कणांसारखे अंगभर, शेपटीवर विखुरलेले असतात, आणि मासा खडीवर अंग घासतो. त्या रोगाचा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध आणखी काही दिवस चालू ठेवावे लागते.

मुलगी ऐकत उभी होती. तिने विचारले, “बाबा, म्हणजे मल्हारी आजारी नव्हताच का?”

मला खरे ते सांगावे लागले. नव्हता.

उरलेले दोघे वाचले. उपाय साधा होता. दोन दिवस खाणे बंद, हवेचा पंप रात्रंदिवस चालू, आणि रोज पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलणे. तेही शिळे, तेवढ्याच तापमानाचे. पुढे नायट्राइट वाढले तेव्हा थोडे मीठ घातले, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. स्पंज आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळतो. नवा मासा आला की त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवतो.

जाता जाता त्यांनी एक ताकीद दिली. कंटाळा आला म्हणून मासे किंवा टाकीचे पाणी कालव्यात अथवा नदीत सोडू नका. कावेरीत मदार असलेला महसीर मासा आहे. २०१८ साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आपल्या काचपेटीतला परका मासा किंवा त्याचा रोग नदीच्या वाट्याला जाऊ नये.

आता टाकीशेजारी एक वही असते. पाणी केव्हा बदलले, किती बदलले, कोण नवा आला, याच्या नोंदी मुलगी करते. पहिल्या पानावर तिने त्या गृहस्थांचे तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. कचेरीतून घरी आल्यावर मी ते पान अधूनमधून वाचतो. मासा बोलत नाही, श्रोतेहो. त्याच्या वतीने पाणी साक्ष देते. ती साक्ष घेण्याआधी औषधाच्या बाटलीला हात लावू नये, एवढेच माझे सांगणे.