मेरी ब्रायंट : ६६ दिवस उघड्या होडीत

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण ब्रिटिशांनी स्वतःच्या गोरगरिबांनाही असंच समुद्रापार फेकलं होतं. आज मी त्यातल्याच एका बाईची गोष्ट सांगणार आहे. तिचं नाव मेरी ब्रायंट.

मेरी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची. प्लिमथजवळ रस्त्यात एका बाईला लुटलं, तिची रेशमी टोपी आणि इतर चीजवस्तू पळवल्या, हा तिचा गुन्हा. १७८६ साली एक्सेटरच्या कोर्टाने तिला फाशी सुनावली. पुढे फाशीऐवजी सात वर्षं हद्दपारी झाली. तेव्हा ती जेमतेम एकवीस वर्षांची होती.

मे १७८७ मध्ये कैद्यांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाकडे निघाला. वाटेत जहाजावरच मेरीला मुलगी झाली. जहाजाचं नाव शार्लट, मुलीचंही नाव शार्लट! सिडनीला पोचल्यावर मेरीने विल्यम ब्रायंट या कैद्याशी लग्न केलं. १७९० मध्ये मुलगा झाला, इमॅन्युएल.

विल्यम होता कोळी. वसाहतीत अन्नाचा तुटवडा, शिधा सारखा कमी होत चाललेला. अशा वेळी मासे पकडणाऱ्या माणसाला केवढं महत्त्व! पण काही मासे चोरून विकले म्हणून त्यालाही फटके बसले.

मग या दोघांनी ठरवलं, पळायचं. एका डच जहाजाच्या कप्तानाकडून होकायंत्र आणि नकाशा मिळवला. २८ मार्च १७९१ च्या रात्री गव्हर्नरचीच होडी पळवली. आत नऊ मोठी माणसं आणि दोन लेकरं. ६६ दिवस, पाच हजारांहून जास्त किलोमीटर, तेही उघड्या होडीत! आणि अकराच्या अकरा जण तिमोर बेटावरच्या कुपांगला जिवंत पोचले.

तिथल्या डचांना त्यांनी सांगितलं, आमचं जहाज फुटलं. काही दिवस बरे गेले, पण मग बिंग फुटलं आणि सगळे ब्रिटिश कप्तान एडवर्ड्‌सच्या ताब्यात गेले. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आधी इमॅन्युएल गेला, मग विल्यम. मे १७९२ मध्ये इंग्लंडच्या वाटेवर शार्लटही गेली. साडेचार वर्षांची पोर. जहाजावर जन्मली, जहाजावरच गेली.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. शिक्षा मेरीला झाली होती. शार्लट आणि इमॅन्युएलला कुठल्याच कोर्टाने काही सुनावलं नव्हतं. किंमत मात्र त्यांनी मोजली.

निघालेल्या अकरांपैकी पाचच जण इंग्लंडला पोचले. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात असताना त्यांची हकिगत जेम्स बॉस्वेल या लेखक-वकिलाच्या कानावर गेली. त्याने सरकारदरबारी खटपट केली, आणि मे १७९३ मध्ये मेरीला माफी मिळाली. तिला वर्षाला दहा पौंडही त्याने लावून दिले.

मेरीने बॉस्वेलला काय दिलं, माहितीये? वाळलेली पानं. सिडनीतले कैदी ज्यांचा चहा करून प्यायचे, ती रानवेलीची पानं. होडी, तिमोर, बटाव्हिया, तुरुंग, एवढ्या सगळ्यातून तिने ती सांभाळून आणली होती. नवरा आणि दोन्ही लेकरं गेली, हातात एवढंच उरलं. त्यातली काही पानं आजही जपून ठेवलेली आहेत.

आज इथेच थांबूया. भेटू पुढच्या भागात.