देवळाची वर्गणी आणि देवाची राई
(भाईंदर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही मीरा-भाईंदरास बिऱ्हाड केले, परंतु आमचे ग्रामदैवत सह्याद्रीच्या कुशीतच राहिले आहे. शिमग्यास पालखी खांद्यावर घेण्यासाठी आम्ही रजा काढून जातो आणि गावाहून जीर्णोद्धाराचे पावतीपुस्तक आले की यथाशक्ती वर्गणी देतो. त्या वर्गणीविषयीच आज थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे.

देवळाभोवतीच्या रानास कोठे देवराई म्हणतात, कोठे देवरहाटी. तेथे कुऱ्हाड चालवावयाची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही, असा पूर्वापार दंडक. गरजच पडली तर आधी देवास कौल लावावयाचा. ह्यास कोणी खुशाल भाबडेपणा म्हणोत. वैशाखातही न आटणारा झरा पुष्कळदा राईच्याच पायथ्याशी असतो, हे आमच्या आज्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. घागर त्यांच्याच डोक्यावर असे. पुढे १९७०च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ ह्यांनी महाराष्ट्रातील देवराया पायी हिंडून अभ्यासिल्या. भोवतालचे डोंगर बोडके झाले असता जुने वृक्ष आणि गारंबीसारख्या अजस्र वेली देवाच्या धाकाने तगून होत्या. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे तर गावाने देवाच्या नावाने राखलेल्या पाणथळ राईत रानजायफळाचे दुर्मिळ वृक्ष आढळले. अडीच हेक्टरांच्या आसपासची ती जागा. २०२१ साली शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ ठरविले. राखण आधी झाली, कागद मागून आला.

आता दुसरी बाजू. कित्येक गावी शहरातून गेलेल्या पैशाने देवळाचे सिमेंटचे शिखर चढले आणि सभामंडपास, मोटारी लावावयास जागा हवी म्हणून राईतील वृक्ष उतरले. काही ठिकाणी तर खर्चाची तोंडमिळवणीही त्याच लाकडाच्या विक्रीतून झाली! ज्याच्या घरासाठी वर्गणी काढली, त्याचेच अंगण विकले गेले.

गावकरी विचारतील, "आम्ही गळक्या छपराखाली आरती करावी आणि तुम्ही भाईंदरात बसून झाडे मोजावी, हा कोणता न्याय?" प्रश्न रास्त आहे. छप्पर गळू नये, देऊळ अवश्य दुरुस्त व्हावे. पण ते असलेल्या जोत्यावर व्हावे. राखणीचा अधिकारही गावाचाच राहावा. २००२च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीस समिती नेमून गावच्या झाडाझुडपांची नोंदवही ठेवावयास सांगितले आहे. तीत राईची नोंद करून घेणे गावकीच्या हातचे आहे.

तेव्हा आमची सूचना अशी की, जीर्णोद्धारास रक्कम पाठविण्यापूर्वी मंडळाने राईची हद्द आणि उभ्या वृक्षांची गणती गावकीकडून लेखी मागवावी. येत्या शिमग्यास जे जातील, त्यांनी वडीलधाऱ्या माणसांस बरोबर घेऊन हे काम करून आणावे. तोवर पावतीपुस्तके मंडळाच्या कपाटात राहू द्यावी.